मृगाचे पाणी

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर चारोटी नाका मागे पडला की तलासरीच्या वाटेवर विवळवेढे लागते. सारे उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरात जिला डहाणूची महालक्ष्मी म्हणून ओळखते, त्या देवीचे देऊळ याच गावात आहे. देवीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे पंधरवडाभर चालते. वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी, किनाऱ्यावरचे मांगेले, सीमेपलीकडचे गुजराती भाविक असे सगळे त्या दिवसांत या रस्त्यावर असतात. ऊनही तेव्हाच भरात आलेले असते. दुपारच्या वेळी रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर लांब नजर टाकली की त्याच्या टोकाशी पाणी साचलेले दिसते. समोरून येणाऱ्या ट्रकची चाके त्या पाण्यात बुडालेली असतात आणि ट्रकचा रंग खाली उलटा हलत असतो. आपण पुढे जातो तसे पाणीही पुढे सरकते.

मराठी माणूस या पाण्याला मृगजळ म्हणतो. अच्छाडचा तपासणी नाका ओलांडून भिलाडच्या बाजूला उतरले की त्याच पाण्याला झांझवां असे गुजराती नाव मिळते. मृगजळ हा शब्द गुजरातीतही आहे, पण झांझवांचे पाणी म्हटले की गुजराती माणसाच्या मनात जे उमटते ते संस्कृत शब्दाने उमटत नाही. हे पुस्तक अशा नावांचे आहे. हात लावता येत नाही, भांड्यात भरता येत नाही, जवळ गेल्यावर उरत नाही, अशा एका दृश्याला माणसांनी ठिकठिकाणी नावे ठेवली. नदीला, झाडाला, जनावराला नाव ठेवताना ती वस्तू समोर उभी असते. इथे वस्तूच नाही. मग नाव ठेवणाऱ्याने कशाकडे पाहिले? कोणी उन्हाकडे पाहिले, कोणी हवेकडे, कोणी तहानलेल्या जनावराकडे, कोणी समुद्राच्या तळाशी असलेल्या एखाद्या प्राण्याकडे. त्या निवडीत त्या त्या समाजाचे ऊन-पाणी आणि त्याचे मन दिसते, असे मला वाटते. म्हणून हा खटाटोप.

आपल्या शब्दापासून सुरुवात करू. मृग म्हणजे हरीण, हे आज आपण गृहीत धरतो. वैदिक भाषेत मृग म्हणजे कोणतेही रानटी जनावर. ऋग्वेदात हत्तीलाही हात असलेला मृग म्हटले आहे. सिंह मृगेंद्र झाला, माकड शाखामृग झाले, शिकार मृगया झाली. या सर्व शब्दांत तो जुना, मोठा अर्थ शाबूत आहे. इराणी शाखेत हाच शब्द वेगळ्या वाटेने गेला. अवेस्तेच्या भाषेत त्याचा अर्थ पक्षी झाला, फारसीत तो मुर्ग म्हणून उरला आणि तिथून आपल्या हॉटेलांच्या पाट्यांवर आला. फारसी काव्यातला सीमुर्ग हा अद्भुत पक्षी म्हणजे अवेस्तेतला सएन मेरेघ, संस्कृतात सांगायचे तर श्येन आणि मृग यांची जोडी. विवळवेढ्यापासून संजाण फार दूर नाही. इराणातून समुद्रमार्गे आलेले पारशी तिथे येऊन स्थिरावले, असे त्यांची किस्सा-ए-संजाण ही कथा सांगते. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत पारशी आणि इराणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. एकाच प्राचीन शब्दाचे दोन वंशज, आपला मृग आणि त्यांचा मुर्ग, इतक्या शतकांनी पुन्हा शेजारी आले ते या किनाऱ्यावर.

मृग या शब्दाचे घराणे इथेच थांबत नाही. संस्कृत धातुपाठात मृग् आणि मार्ग् हे दोन्ही धातू शोधणे या अर्थाने दिले आहेत. जनावराच्या पावलांचा माग म्हणजे मार्ग, त्यावरून पुढे वाट या अर्थाने मार्ग. मराठीतला माग, माग काढणे, इतकेच काय पण मागणे हे क्रियापदही याच कुळातले आहे. जे हवे त्याचा शोध घेणे, मग ते दुसऱ्याजवळ मागणे, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे महामार्गावर मृगजळ दिसते असे आपण म्हणतो तेव्हा एका वाक्यात दोनदा मृग उच्चारतो आणि दोन्ही वेळा कोणीतरी काहीतरी शोधत असते.

संस्कृतात या दृश्याला मुख्य नावे दोन, मृगतृष्णा आणि मरीचिका. अमरकोशाने ती एकमेकांशेजारी ठेवली आहेत. पण दोन्ही शब्द दोन वेगळ्या जागी उभे राहून घडवलेले आहेत. मरीचि म्हणजे प्रकाशाचा किरण, प्रकाशाचा कण. मरीचिका म्हणणाऱ्याने थरथरणाऱ्या उजेडाकडे पाहिले आणि त्याला नाव दिले. त्यात पाणी नाही, फसवणूक नाही, कोणी प्राणीही नाही. मृगतृष्णा म्हणणाऱ्याने उजेडाकडे पाठ फिरवली आणि त्या उजेडाकडे धावणाऱ्या जिवाकडे पाहिले. त्याला तिथे तहान दिसली. जगातल्या ज्या भाषांतले शब्द मी पाहिले त्यांत बहुतेकांनी दिसणाऱ्या गोष्टीला नाव दिले आहे. पाहणाऱ्याच्या घशाची कोरड नावात घेणारा हा शब्द मला एकटाच वाटतो. त्यासाठी मला त्याचे मोठे अप्रूप आहे.

मराठीने मृगतृष्णेऐवजी मृगजळ हा शब्द आपलासा केला. तृष्णा गेली आणि जळ आले. हिंदीत मृगतृष्णा आजही सहज चालतो, बंगालीने आणि ओडियाने मरीचिका उचलली, आपण आणि गुजरात्यांनी पाण्याला धरून राहणे पसंत केले. ज्ञानेश्वरांना हा दृष्टान्त फार प्रिय होता. पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थ वृक्षाचे मिथ्यापण सांगताना ते विचारतात की, मृगजळाची तळी दुरून कितीही भरलेली दिसली तरी त्या पाण्यावर कोणी भात आणि केळी लावील काय? संस्कृत भाष्यकाराला इथे वाळवंट आठवले असते. ज्ञानेश्वरांना साळीचे खाचर आणि केळीची बाग आठवली. पाणी दिसले की त्यावर काय पिकेल हा विचार शेतकऱ्याच्या मनात आधी येतो, आणि मराठी मृगजळाला तो तिथेच भेटला.

इथे एका मोहापासून वाचकाला सावध करायला हवे. मरीचिका आणि युरोपीय भाषांतला मिराज हे शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की एक दुसऱ्यापासून आला असावा असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसे नाही. मिराज हा फ्रेंच शब्द आहे. आरशात पाहणे, न्याहाळणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो अठराव्या शतकात घडला आणि त्याच्या मागे आश्चर्य वाटणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आरसा आणि चमत्कार या अर्थांचे इंग्रजी शब्दही त्याच कुळातले. मात्र गंमत पुढे आहे. त्या लॅटिन शब्दाचे मूळ भाषाशास्त्रज्ञ ज्या आदिम धातूपर्यंत नेतात, तोच धातू संस्कृतात स्मि या रूपाने आला, ज्यापासून स्मित आणि विस्मय हे शब्द झाले. हे नाते मान्य केले तर मिराज मरीचीचा कोणी लागत नाही, तो विस्मयाचा दूरचा भाऊबंद ठरतो. ध्वनी सारखा म्हणून नाते सांगणे सोपे असते. खरे नाते पुष्कळदा ध्वनी अजिबात न जुळणाऱ्या शब्दाशी निघते. शब्दांचा शोध घेणाऱ्याने ही शिस्त पाळलीच पाहिजे, नाहीतर तो वाचकाला भलत्याच पाण्याकडे नेतो.

मिराज या शब्दाला जगभर नेले ते नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेने. १७९८ साली अलेक्झांड्रियाहून कैरोकडे कूच करताना फ्रेंच सैनिक तहानेने कासावीस झाले होते. समोर तळी दिसत, त्यांत गावे बेटांसारखी उभी असत आणि जवळ जावे तर कोरडी जमीन. या सैन्याबरोबर गास्पार मोंज हा गणिती होता. त्याने त्याच वर्षी कैरोत स्थापन झालेल्या विद्वानांच्या संस्थेपुढे या दृश्याची भौतिक मीमांसा मांडली. पुढच्या एक-दोन वर्षांत इंग्लंडमध्ये वोलॅस्टन या शास्त्रज्ञाने तापलेल्या सळईजवळच्या हवेतून आणि वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांच्या थरांतून पाहत तेच दृश्य खोलीत बसून घडवून दाखवले.

ती मीमांसा थोडक्यात अशी. उन्हाने जमीन तापते, तिला चिकटलेला हवेचा थर तापतो आणि विरळ होतो. वरची हवा तुलनेने थंड आणि दाट असते. दाट हवेतून विरळ हवेत तिरपा शिरणारा प्रकाश वळतो. आकाशाकडून जमिनीच्या दिशेने जवळजवळ समांतर येणारा किरण जमिनीला टेकण्याआधीच वर वळतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याला वाटते, हा किरण खालून, रस्त्यावरून आला. रस्त्यावर निळसर, चकाकणारा, हलणारा तुकडा दिसला की त्याला पाणी समजण्याची आपल्याला जन्माची सवय आहे. प्रत्यक्षात आपण पाहतो तो आकाशाचा तुकडा. हे वळण फार थोडे असते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा दहा अंशांनी जास्त तापली तर किरणाचा जमिनीशी असलेला कोन सुमारे पाव अंशाहून कमी असावा लागतो. म्हणूनच हे पाणी पायाशी कधी दिसत नाही. उभ्या माणसाला ते तीन-साडेतीनशे मीटर पुढे दिसते आणि तो चालेल तसे तेवढेच अंतर राखते. डोळा जितका खाली, तितके पाणी जवळ. हरणाचा डोळा माणसाच्या डोळ्याहून खाली असतो. माळावर उभ्या असलेल्या माणसाला आणि हरणाला एकाच वेळी मृगजळ दिसले तर हरणाचे पाणी हरणाला जास्त जवळ दिसणार. शब्द घडवणाऱ्याला हे गणित ठाऊक नव्हते, तरी नाव मृगाच्या वाट्याला गेले हे मला योग्यच वाटते.

काळे डांबर सहज पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते, म्हणून विसाव्या शतकात डांबरी रस्ते आले आणि मृगजळ कोकणासारख्या झाडाझुडपांच्या, डोंगरउताराच्या मुलखातही रोजचे झाले. त्याआधी ते दिसायचे सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या सपाटीवर, माणदेशाच्या माळावर, कच्छच्या रणात. अलीकडे विवळवेढ्यावरून जाणाऱ्या या महामार्गाच्या मोठ्या पट्ट्यावर डांबरावर काँक्रीटचा फिकट थर चढला आहे. फिकट पृष्ठभाग कमी तापतो, म्हणजे इथले मृगजळही थोडे फिके होणार.

मोंजच्या मीमांसेपेक्षा मला जास्त थक्क करते ती वेदान्त्यांची एक बारीक नोंद. दोरीवर साप दिसणे आणि माळावर पाणी दिसणे, हे दोन्ही भ्रमाचे दृष्टान्त म्हणून एका दमात सांगितले जातात. पण त्यांत फरक आहे. दिवा आणला, दोरी दिसली, की साप गेला. मग कितीही प्रयत्न केला तरी तो परत दिसत नाही. मृगजळाचे तसे नाही. हे पाणी नव्हे हे पूर्ण कळल्यावरही पाणी दिसतच राहते. अद्वैत परंपरेने याला बाधितानुवृत्ती असे नाव दिले आहे. ज्याचे खोटेपण सिद्ध झाले आहे तेही दिसायचे थांबत नाही. ज्ञान झालेल्या माणसाला जग दिसते की नाही, या अवघड प्रश्नाचे उत्तर त्यांनी या दृष्टान्ताने दिले. भौतिकशास्त्र त्याला पूर्ण दुजोरा देते. दोरीचा साप मनाने रचलेला असतो, मृगजळाचा प्रकाश मात्र खरोखरच वळलेला असतो. कॅमेऱ्यालाही ते पाणी दिसते. चूक डोळ्याची नाही, प्रकाशाची नाही, चूक होते ती त्याला पाणी म्हणण्याच्या क्षणी. शेकडो वर्षांपूर्वी, कोणत्याही उपकरणावाचून, नुसत्या लक्षपूर्वक पाहण्याने हा भेद टिपला गेला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मृगतृष्णेचे पाणी हे ऊषर जमिनीहून वेगळे नसते असे म्हटले आहे. ऊषर म्हणजे खारपड, क्षार वर आलेली, काही न उगवणारी जमीन. डहाणूच्या खाड्यांच्या काठची खाजणे ज्याने मे महिन्यात पाहिली असतील त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

बौद्धांनी मरीचीला निराळे वळण दिले. पाली संयुत्तनिकायात पाच स्कंधांना पाच उपमा आहेत; त्यांत संज्ञेला, म्हणजे वस्तूला ओळखून नाव देणाऱ्या वृत्तीला, मरीचीची उपमा आहे. उजेडाला पाणी असे नाव देणारी तीच वृत्ती असल्याने ही उपमा अचूक बसते. महायानात मरीची ही देवी झाली. चीनमार्गे ती जपानात मारिशितेन या नावाने पोहोचली आणि सामुराई योद्धे तिची उपासना करू लागले, कारण जी दिसते पण धरता येत नाही ती रणांगणात शत्रूच्या नजरेपासून राखील अशी श्रद्धा होती. उन्हाच्या एका थरथरीपासून तलवारबहाद्दरांच्या देवीपर्यंतचा हा प्रवास पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात आहे, म्हणून इथे आवरतो.

प्रवासातला आणखी एक धागा मात्र सांगायलाच हवा. संस्कृतात मृगतृष्णेखेरीज गंधर्वनगर हाही शब्द आहे. क्षितिजावर, आभाळात दिसणारी नगरी, तिचे बुरूज, तिची तोरणे. वराहमिहिराने बृहत्संहितेत तिच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि ती कोणत्या दिशेला दिसली तर काय शकुन ते सांगितले. नागार्जुनाने स्वप्न आणि माया यांच्या पंक्तीला तिला बसवले. मृगतृष्णा जमिनीला चिकटून पाणी दाखवते, गंधर्वनगर वर इमारती दाखवते. आज विज्ञानही हे दोन प्रकार वेगळे मानते. तापलेल्या जमिनीवर किरण वर वळतो आणि आकाश खाली दिसते. थंड समुद्रावर उलट होते. खालची हवा दाट, वरची उबदार, आणि किरण खाली वळल्याने दूरचे किनारे, जहाजे, डोंगर उचलले जातात, ताणले जातात. इटलीच्या मेसिना सामुद्रधुनीत दिसणाऱ्या अशा दृश्याला फाता मोर्गाना म्हणतात. आर्थर राजाच्या कथांतली मोर्गन ही जादूगार बहीण ते महाल उभारते अशी समजूत होती. चिनी लोकांनी ते एका प्रचंड शिंपल्याच्या श्वासातून उभे राहिलेले मनोरे मानले, सिमा छ्येनच्या इतिहासग्रंथात ही समजूत नोंदलेली आहे. जपानी भाषेत तेच शिन्किरो झाले आणि तोयामा उपसागराकाठचे उओझू हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. रस्त्यावरच्या मृगजळाला मात्र जपानी माणूस निगेमिझू म्हणतो, म्हणजे पळणारे पाणी. इतके सरळ नाव दुसऱ्या कोणी ठेवलेले मला आढळले नाही. मराठीत गंधर्वनगरी हा शब्द उरला, पण त्यातले क्षितिज गेले; आता तो स्वप्नरंजनापुरता वापरतात. जुने दृश्य विसरले गेले की शब्द असा हवेत लटकत राहतो, याचे वाईट वाटते.

वाळवंटातल्या माणसांनी केलेले भेद तर आणखी सूक्ष्म आहेत. अरबीत सराब हा शब्द सर्वांना माहीत आहे. कुराणाच्या चोविसाव्या सुऱ्यात, तहानलेल्याला पाणी वाटणाऱ्या सराबाची उपमा आहे, आणि फारसी-उर्दू शायरीने तो शब्द आपल्यापर्यंत आणला. फारसी जाणणाऱ्याला त्यात आब म्हणजे पाणी ऐकू येते. अरबी कोशकार त्याचा संबंध वाहणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. पण जुन्या अरबीत आल हा आणखी एक शब्द होता. सकाळच्या उजेडात वस्तूंना उचलून धरणारी थरथर ती आल, आणि मध्यान्ही जमिनीला चिकटून वाहणारे ते सराब. हिब्रू बायबलातला शाराव सराबाचाच भाऊ, आजच्या हिब्रूत तो उष्ण वाऱ्याच्या लाटेचे नाव आहे. हंगेरीच्या होर्तोबाज गवताळ मैदानात याला देलिबाब म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ होतो दुपारची बाहुली.

शेजारच्या कानडीत तर याला बिसिलुगुदुरे म्हणतात. बिसिलु म्हणजे ऊन आणि कुदुरे म्हणजे घोडा. उन्हाचा घोडा! जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतल्या दुभाषी घरांत हे दोन्ही शब्द नांदतात. एकाच माळावर मराठी डोळ्याला हरणाचे पाणी दिसते आणि कानडी डोळ्याला उन्हाचा घोडा उधळलेला दिसतो. कानडी शब्दात तहान नाही, फसवणूक नाही, नुसता वेग आणि तेज आहे. तमिळात कानल नीर, तेलुगूत एंडमावुलु, त्यातले एंड म्हणजे पुन्हा ऊनच. द्राविडी भाषांनी उन्हाचा हात सोडला नाही.

आता पुन्हा मृगाकडे, कारण मराठी मनात मृगाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो कोशातल्या हरणापेक्षा बलवान आहे. सूर्य सात-आठ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात जातो. त्याआधीची रोहिणी सर्वांत तापलेली. मृग लागला म्हणजे पाऊस आला, पेरते व्हा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर राब भाजून झालेले असतात, भाताची रोपे टाकायची असतात, आणि साऱ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. लाल मखमली किडा दिसला की मुले मृगाचा किडा म्हणून नाचतात. तेव्हा मृगाचे पाणी म्हटल्यावर इथल्या शेतकऱ्याला फसवे पाणी आठवत नाही, खरे आठवते. हरणाच्या नावाने एक पाणी खोटे आणि त्याच हरणाच्या नावाने दुसरे पाणी वर्षभराचे अन्न देणारे, असे दोन्ही अर्थ एका भाषेत एकत्र नांदतात. रोहिणीच्या झळांमध्ये पहिले सर्वांत जास्त दिसते आणि त्याच्या पाठोपाठ, नशीब असेल तर, दुसरे येते.

रामायणातला मारीच इथे आठवल्यावाचून राहत नाही. मारीच हे रूप व्याकरणाने मरीचि या शब्दावरून होते. शाकुंतलात मरीचिपुत्र कश्यपालाही मारीच म्हटले आहे. राक्षस मारीच ताटकेचा मुलगा, त्याच्या नावाची व्युत्पत्ती मृगजळात शोधण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण ज्याच्या नावात मरीचि ऐकू येते त्यानेच सोन्याच्या मृगाचे रूप घ्यावे आणि जवळ जावे तसे दूर पळावे, हा योग ऐकणाऱ्या पिढ्यांना जाणवला नसेल असे कसे म्हणावे? ती कथा आपल्याकडे पंचवटीत घडते, आणि नाशिकचे डोंगर उतरले की पालघर जिल्हाच लागतो.

संस्कृत साहित्याने या हरणावर एक अन्याय केला आहे, असे माझे मत आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत पाण्याने भरलेली नदी ओलांडून गेल्यावर मृगतृष्णेचा लोभ धरणाऱ्या माणसाशी स्वतःची तुलना करतो. भर्तृहरी अशक्य गोष्टींच्या यादीत मृगजळ पिणे घालतो. दार्शनिकांनी तर मृगाला अज्ञानी जिवाचे प्रतीकच करून टाकले. धावणारा मूर्ख आणि दुरून पाहणारा शहाणा, अशी वाटणी झाली. मात्र मृगतृष्णा हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याने हरणाला मूर्ख म्हटलेले नाही. त्याने तहान म्हटले. तहान तर खरीच होती. पाणी नव्हते हा हरणाचा दोष कसा?

हा प्रश्न विवळवेढ्याच्या परिसरात पुस्तकी राहत नाही. चारोटीजवळ महामार्ग ज्या नदीवरून जातो तिचे नाव सूर्या. उन्हाच्या देवतेचे नाव धारण करणारी ही नदी वैतरणेला मिळते. तिच्यावर धामणीचे धरण बांधले गेले ते मुख्यतः या भागातली शेती भिजावी म्हणून. पुढे मुंबईच्या उत्तरेची शहरे वाढली आणि वसई-विरार व मीरा-भाईंदर यांच्यासाठी सूर्येतून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना झाली. शहरांनाही पाणी हवेच, त्यांची तहान खोटी आहे असे कोणी म्हणू नये. पण एप्रिल-मे महिन्यांत डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर विहिरी तळ गाठतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ-उतार करतात, तेही सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस, जवळ धरण, आणि उन्हाळ्यात कोरडा हंडा. अशा ठिकाणी कोणी मृगजळामागे धावू नका असा उपदेश केला तर तो कोणाला शोभेल? आपल्या वर्तमानपत्रांत मृगजळ हा शब्द आश्वासनांसाठी इतका वापरला जातो की त्यातली तहान आता ऐकूच येत नाही. ती पुन्हा ऐकू यावी, हा या लेखनामागचा एक हेतू आहे. मृगजळ म्हणताना आपण खोट्या पाण्याबरोबर खऱ्या तहानेचेही नाव घेतो, हे ध्यानात राहिले तरी पुरे.

पुढच्या पानांत शब्दांची मांडणी भाषाकुळांनुसार न करता भूगोलानुसार केली आहे : आधी माळ, मग वाळवंट, मग थंड समुद्र, आणि शेवटी डांबरी रस्ता. तशी ती वाचली की कोणत्या जमिनीने कोणता शब्द मागितला ते आपोआप दिसते. व्युत्पत्ती जिथे वादग्रस्त आहे तिथे मी ती दिलेली नाही, आणि ज्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांकडून पारखून घेता आला नाही तो ठेवलेला नाही.

पुस्तकातला एक मोठा भाग अजून लिहायचा आहे आणि तो वाचकांनी लिहायचा आहे. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण’ मालिकेतल्या महाराष्ट्र खंडाने आपल्या बोलींची श्रीमंती मराठी वाचकांसमोर आणली. त्या वाटेने पुढे जायचे तर एकेका दृश्यासाठी, एकेका ऋतूसाठी बोलींतले शब्द टिपायला हवेत. डहाणू आणि तलासरीच्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. चैत्र-वैशाखातल्या एखाद्या दुपारी मुलांना रस्त्याच्या टोकाचे पाणी दाखवा आणि याला तुझी आजी काय म्हणते ते विचारून ये, असे सांगा. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी, मांगेली, जी बोली असेल तिच्यात, जसे ऐकू येईल तसे देवनागरीत लिहा. सोबत पाड्याचे नाव लिहा, शब्द सांगणाऱ्याची बोली लिहा, आणि तो शब्द कोणत्या वेळच्या, कोणत्या जमिनीवरच्या पाण्यासाठी वापरतात तेही लिहा. शुद्ध करू नका, मराठी प्रतिशब्द घालू नका. आलेला प्रत्येक शब्द पुढच्या आवृत्तीत त्या बोलीच्या आणि पाड्याच्या नावानिशी छापला जाईल.